रेघेच्या वरचं थोडंसं

थोरल्या जावेचा विश्वास फक्त कुलपावर होता, आणि कुलूप लावल्यावरही ती ते दोनदा ओढून बघायची, म्हणजे त्याच्यावरही तसा बेताचाच. इस्पितळाच्या कापडकोठीत तिनं सगळी नोकरी काढली. चादरी, अभ्रे, टॉवेल मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. डॉक्टर असो की झाडूवाला, तिच्या खिडकीशी आला की आपोआप स्वतःचे खिसे चाचपायचा. मागे सगळे तिला कुलूपबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं तेही ठाऊक होतं.

धाकटी जाऊ नेमकी उलटी. ती वसतिगृहाच्या खानावळीत स्वयंपाक करायची. डाव भरून वाढला, तरी वर आणखी थोडं घातल्याशिवाय तिला वाढल्यासारखंच वाटत नसे. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, एकामागोमाग गेले आणि दोन खोल्यांच्या घरात या दोघी उरल्या. थोरलीला मूलबाळ नव्हतं. धाकटीची लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि "आई, आता माझ्याकडे चल" म्हणून सारखी मागे लागलेली असायची. ती आली की थोरली आतल्या खोलीत जाऊन बसे. दार मात्र लोटून घेत नसे.

मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आलं तेव्हा कामं न बोलता वाटली गेली. मशीनच्या कपाळावर एक खण होता. त्यात साबणाच्या पावडरीचे कप्पे, आणि कडेला सॉफ्टनरचा छोटा कप्पा. त्याच्या मधोमध एक पांढरी टोपी आणि भिंतीवर एक बारीक रेघ. खण भरायचं काम थोरलीनं घेतलं, कारण त्यात माप होतं. निळं सॉफ्टनर ती अगदी रेघेला टेकवायची आणि आंघोळीला जायची. मग धाकटी कपडे टाकून बटण दाबायची.

सुरुवातीला कपडे असे यायचे की घडी घालताना दोघी क्षणभर थांबायच्या. बंद खोलीत कुणी फुलं ठेवून गेल्यासारखा वास. पुढे थंडीत एकदा टॉवेल कडक वाळले. त्याच सुमारास वास नाहीसा झाला, तो झालाच.

"या चादरीला वास नाही," थोरली म्हणाली.

"तुम्हाला सर्दी झाली असेल, जाऊबाई."

"मला सर्दी झाली असती तर माझ्याआधी तुला कळलं असतं. तू माझ्या शिंका मोजतेस."

"मोजायचं खातं तुमचं."

हसण्यावारी गेलं, पण थोरलीच्या मनातून गेलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. तिनं बाटलीला पेनानं खूण केली. खुणेत काही चूक निघाली नाही. मग बाटलीत पाणी घातलं जातंय का म्हणून बोटाला लावून पाहिलं. तेही नाही. बाटली चोख, आणि कपडे वासाच्या नावानं कोरडे ठणठणीत.

एका सकाळी ती आंघोळ करून आली तर मशीन गप्प होतं. धाकटी पुढच्या खोलीत फोनवर लेकीशी बोलत होती. कपडे आत, पण बटण दाबायचं राहिलेलं. थोरलीनं सहज खण ओढला. सॉफ्टनरचा कप्पा रिकामा. तळाशी निळी ओल तेवढी. मशीन सुरूच झालं नाही आणि तिनं स्वतःच्या हातानं ओतलेलं गायब. घरात तिसरं माणूस नव्हतं.

तिनं खण परत लोटला. कोठीतली जुनी शिकवण होती, चोर धरायचा तर मुद्देमालासकट. त्याच आठवड्यात पुतणी आली, "मोठी काकू, कशी आहेस?" म्हणून वाकली, आणि तिच्या ओढणीला तोच, अगदी तोच वास आला. बरी आहे, असं थोरलीनं सांगितलं. रात्री बाटली कपाटात गेली, किल्ली तिच्या गळ्यात.

तरी वास परतला नाही. उलट तिसऱ्या धुण्याला, पोछा शोधताना, बादल्यांच्या मागे तिला खोकल्याच्या औषधाची बाटली सापडली. ते औषध लाल असतं, आतलं निळं होतं.

ती बाटली तिनं धाकटीपुढे धरली. "हे काय?"

"बाटली."

"ते मलाही दिसतंय. आत काय आहे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी खणात ओतलेलं सॉफ्टनर. मी आंघोळीला गेले की काढलेलं. लेकीकडे पोचवतेस ना? तिच्या ओढणीला वास येतो."

धाकटी टॉवेलची घडी घालत होती. ती तिनं पुरी केली.

"येतो. कारण ती बाटली तिच्या घरची आहे. मी मागून आणली. तुम्ही बाळाला औषध पाजावं तसं घालता, टॉवेल पुठ्ठ्यासारखे होतात. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, माप म्हणजे माप. म्हणून तुम्ही आंघोळीला गेलात की मी वर थोडं घालत होते. वास येईना, तसं आणखी घातलं."

"असं होय."

"असंच. एवढी वर्षं शेजारी शेजारी झोपलो आपण. माझ्या बापानं कधी मला चोर म्हटलं नाही." आवाज चढला नव्हता. ती आत गेली. खाटेखालून बॅग ओढल्याचा आवाज आला, मग फोनवरचा: "संध्याकाळी येतेस का न्यायला?"

थोरली गॅलरीतच उभी राहिली. पटत नव्हतं, आणि याच पटत नसण्याला ती चिकटून राहिली. हिनं वरून घातलं असेल तर वास दुप्पट यायला हवा. दोन दारांनी माल आत येतो आणि कोठी रिकामी, असं कुठे असतं? खोटं बोलते, आणि ते तिच्या पदरात घालायचंच, म्हणून तिनं खणाची खिट्टी दाबून अख्खा खणच बाहेर काढला, मोरीत पालथ्या बादलीवर ठेवला. सॉफ्टनर रेघेपर्यंत ओतलं. राहिलं. बराच वेळ बघत बसली. थेंब हलला नाही. मग औषधाच्या बाटलीतून वर थोडं.

क्षणभर काही नाही. मग पांढऱ्या टोपीखाली गुळगुळ झालं आणि खालच्या भोकातून निळी धार लागली. वरचं थोडं गेलं आणि थांबलं, असं नाही. रेघेखालचंही, सगळं, तळापर्यंत.

तिनं साध्या पाण्यानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. म्हणजे रेघ ओलांडली की बटण दाबायच्या आधीच ते सगळं कपड्यांवर पडत होतं आणि पहिल्या मळक्या पाण्याबरोबर निघून जात होतं. चोरी झालीच नव्हती. माल घरातून जात नव्हता, उलट बाहेरून येत होता, आणि तिनं नेमका त्याच्याच वाटेवर पहारा बसवला होता.

"जरा इकडे ये," ती म्हणाली.

"बॅग भरतेय."

"बॅग कुठे पळत नाही."

धाकटी आली, दारात उभी राहिली. हा आणखी कुठला सापळा, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं. थोरलीनं कप्पा रेघेपर्यंत भरला आणि औषधाची बाटली तिच्या हातात दिली. "घाल. रोज घालतेस तेवढंच."

धाकटीनं घातलं. धार लागली, संपली. ती ओल्या कप्प्याकडे बघत राहिली.

"म्हणजे माझ्याच हातानं सगळं जात होतं."

"तुझ्या हातानं. पण मी तुला एकदा विचारलं असतं तर..." थोरलीचं वाक्य तिथेच राहिलं. असली वाक्यं पुरी करायची तिला सवय नव्हती. गळ्यातली किल्ली काढून तिनं मशीनवर ठेवली.

धाकटीनं किल्लीला हात लावला नाही. आत जाऊन बॅग घेऊन आली. थोरलीला वाटलं, निघाली. धाकटीनं बॅगेची चेन उघडली आणि घड्या घातलेले सगळे कपडे मशीनमध्ये टाकले.

"बिनवासाचे आहेत," ती म्हणाली. "लेकीकडे असे नेऊ? रेघेपर्यंत भरा."

थोरलीनं भरलं. आज आंघोळीचं निमित्त नव्हतं; दोघी मशीनपुढे उभ्या राहिल्या, आणि एकीचं लक्ष दुसरीच्या हाताकडे होतं.

संध्याकाळी पुतणी आली तेव्हा गॅलरीभर तो जुना वास होता. "आई, निघायचं ना?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. "वाळले का बघा हो."

ऊन दिवसभर कडक होतं. थोरलीनं दोरीवरचं एकेक कापड चिमटीत धरून पाहिलं, बाह्या, काठ, शिवणी, जसं ती कोठीत बघायची. सगळं खडखडीत वाळलं होतं.

"ओले आहेत अजून," ती म्हणाली.

पुतणीनं हात पुढे केला, तेवढ्यात धाकटीनं तो धरून तिला घरात वळवलं. "मोठ्या काकूनं तपासलंय ना? मग ओलेच असतील. तू चहा घे आणि जा."