इरुकटोल्याचं नाव

तार दुपारी आली. खासदारसाहेबांच्या चंद्रपूरच्या कचेरीत मी त्यांच्या दौऱ्याचा कागद टाइप करत बसलो होतो. पोस्टमन एरवी बडबड्या माणूस, पण त्या दिवशी सही घेऊन गुपचूप निघून गेला, तेव्हाच मी टाइप करणं थांबवलं. सुलोचना रामटेके, माझी मावसबहीण, गडचिरोलीच्या दवाखान्यात वारली होती. मलेरिया डोक्यात चढला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं... ज्या तापाच्या गोळ्या तिनं जंगलातल्या गावागावांत, दारोदार जाऊन, समोर उभं राहून लोकांना गिळायला लावल्या, त्याच तापानं तिला नेलं. चव्वेचाळीस वर्षांची होती. याला आता सात आठवडे झाले. तिच्यावर काहीतरी लिहा, असं या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. बाईविषयी खरं लिहायचं तर स्वतःविषयी लिहावं लागतं, आणि ते लिहिण्यासारखं नाही. पण टाळलं तर पुन्हा एकदा खोटं बोलल्यासारखं होईल.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून माझ्यासाठी बाई. पुढे इरुकटोल्याच्या गोंड लोकांसाठी ती नर्सबाई झाली. तिचे वडील, माझे मावसे, कोळशाच्या खाणीत कामाला होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी घरातल्या देवांसोबत पोरीच्या लग्नाची घाईही विसर्जित केली, असं मावशी हसून सांगायची. बाई शिकली, सुईणीचं सरकारी प्रशिक्षण घेतलं, नोकरी लागली. या दशकाच्या सुरुवातीला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिची बदली नाल्यापलीकडच्या गावांवर झाली. घरात रडारड झाली. ती म्हणाली, "काऊन रडता? तिथी जाले कोनी तयार नाई, म्हणून तं मले धाडून राह्यले. कोनी गेलं असतं तं मी काऊन गेली असती?" लग्न तिनं केलं नाही. गोंडी मात्र सहा महिन्यांत शिकली, आणि गोंडीतून भांडायलाही शिकली.

इरुकटोला म्हणजे नाल्यापलीकडचा तीस-चाळीस घरांचा टोला, म्हणजे पाडा. शेती थोडी, बाकी मोह, डिंक, तेंदूपत्ता. आरोग्य उपकेंद्र कागदावर मंजूर होतं, प्रत्यक्षात एका माणसानं आपल्या गोठ्याची अर्धी बाजू बाईला दिलेली. पावसाळ्यात नाला भरला की तीन-तीन, चार-चार दिवस अलीकडं येता येत नसे. बाळंतपणात अडलेल्या पोरीला खाटेवर घालून काठापर्यंत आणायचं आणि पाणी उतरायची वाट बघत बसायचं. उतरलं तर दवाखाना, नाही तर तिथंच जे व्हायचं ते.

मी तेव्हा आमच्या भागातल्या एका खासदारांचा लघुलेखक होतो, अजूनही आहे. अधिवेशनाला त्यांच्याबरोबर दिल्लीला जायचो. घरात, आळीत माझं वजन होतं. "वसंता संसदेत असते," असं लोक म्हणायचे आणि मी कधी दुरुस्त करत नसे. एका फेब्रुवारीत बाई चंद्रपूरला आली ती पिशवीत एक वहीचा कागद घेऊन. आजूबाजूच्या पाच गावांत ती पायी फिरली होती. मागच्या पावसाळ्यात कोण कुठं अडलं, कोण काठावर गेलं, कुठल्या शाळेत गुरुजी नाही, कुठल्या म्हातारीचं निराधाराचं अनुदान का बंद झालं, सगळं तिच्या गोल अक्षरात दोन्ही बाजूंनी लिहिलेलं.

"तुया साहेबाले वाचाले सांग," ती म्हणाली. "मायं नाव नको घेऊ, मी सरकारी नोकर आहो. पन इरुकटोल्याचं नाव घ्याले सांग. तिथी बोल्लेलं सारं छापून राह्यते म्हणतात नं? मंग कोनी म्हणू शकणार नाई का आमाले माईतच नव्हतं."

गावानं ठरवलं होतं की एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनी, बायापोरांसकट, पायी गडचिरोलीला जायचं आणि जिल्हा कचेरीसमोर बसायचं. नाल्यावर रपटा, म्हणजे छोटा ठेंगणा पूल, मिळेपर्यंत, नाही तर निदान पावसाळ्यापुरती नाव आणि नावाडी मिळेपर्यंत उठायचं नाही. बाई म्हणाली, आधी दिल्लीत बोललं जाऊ दे, मग बघू. मी कागद खिशात ठेवला आणि म्हणालो, "तू काळजीच नको करू."

लोकसभेत आरोग्य खात्याच्या अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना वाटतं तिथं मोठी खडाजंगी होत असेल. दुपारच्या जेवणानंतरची वेळ, निम्म्याहून जास्त बाकं रिकामी. बोलणारा मनापासून बोलतो, ऐकणारे आपल्या पाळीची वाट बघतात. ग्रामीण भागात डॉक्टर जात नाहीत, औषधं पोचत नाहीत, आदिवासी मातांकडं लक्ष दिलं पाहिजे, यावर दोन्ही बाजूंचं एकमत असतं. सगळेच सहमत असले की कोणालाच काही करावं लागत नाही, हे मला त्या सभागृहानं शिकवलं. साहेबांचं नाव यादीत शेवटून तिसरं. सकाळी त्यांनी मला बोलावलं. "वसंतराव, वेळ कमी मिळणार. चार-पाच मिनिटं धरा. भाषण कापा. काय ठेवायचं ते तुम्हीच बघा."

काय ठेवायचं ते मी बघितलं. वैद्यकीय महाविद्यालयाची मागणी ठेवली, कारण ती वर्तमानपत्रात आली असती. हिवतापाची फवारणी ठेवली, तज्ज्ञ डॉक्टरांची रिकामी पदं ठेवली. बाईचं पान काढलं. एवढ्या मोठ्या देशाच्या सभागृहात चाळीस घरांच्या टोल्याचं काय सांगायचं... साहेब हास्यास्पद दिसतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मीच हास्यास्पद दिसेन असं वाटलं. साहेब बोलले, चांगलं बोलले. घंटी वाजली तेव्हा त्यांनी "दूरदराज के आदिवासी इलाकों में भी स्वास्थ्य सेवा पहुँचनी चाहिए" हे वाक्य टाकलं आणि बसले. त्या एका वाक्यात इरुकटोला आहे, असं मी वर प्रेक्षकांच्या जागेत बसून स्वतःला सांगितलं. मंत्र्यांनी उत्तरात माननीय सदस्यांच्या मौलिक सूचनांची नोंद घेतली.

दोन दिवसांनी साहेबांच्या दिल्लीच्या निवासस्थानी ट्रंककॉल आला. बाई गडचिरोलीच्या पोस्टातून बोलत होती. टोल्यातली पाच-सहा माणसंही तिच्याबरोबर चालत आली होती, त्यांचे आवाज मागं ऐकू येत होते. लाइनमध्ये खरखर होती. बाई ओरडली, "वसंता, घेतलं का नाव?"

नाही, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "घेतलं."

"घेतलं म्हणते!" ती मागे वळून म्हणाली, आणि त्या लोकांचा जो आवाज उठला तो दिल्लीपर्यंत आला. मग ऑपरेटरनं वेळ संपल्याचं सांगितलं आणि लाइन कापली. मला आठवतं, मी फोन ठेवला आणि चहा मागवला. मनावर काही ओझं वगैरे नव्हतं. उलट बरं वाटत होतं, कोणाला तरी आनंद दिल्यासारखं.

टोल्यातल्या लोकांनी गडचिरोलीला जाऊन बसायचं रद्द केलं. देशाच्या सभेत नाव निघालं, आता साहेब लोक स्वतः येतील, तेव्हा आपण गावात असलं पाहिजे, असं ठरलं. एप्रिल गेला, मे गेला. त्यांनी नाल्यापासून टोल्यापर्यंतची वाट साफ करून ठेवली, जीप यायला सोपं जावं म्हणून. हे मला नंतर कळलं. श्रावणात बिरजू नावाच्या माणसाची बायको मैनी अडली. पहिलटकरीण होती. दोन दिवस नाल्याच्या काठावर, खाटेवर, वरून ताडपत्री धरलेली. बाई तिच्याजवळ होती. जेवढं तिला येत होतं तेवढं तिनं केलं, पण पुढचं काम दवाखान्याचं होतं, आणि दवाखाना पाण्यापलीकडं. मैनी गेली, मूलही गेलं. बाईचं पत्र आलं त्यात एवढंच होतं. खाली ओळ होती : साहेब लोक अजून आले नाहीत, जरा आठवण दे.

ते लोक गडचिरोलीला गेले असते तरी दोन महिन्यांत रपटा झाला नसता, हे मला माहीत आहे. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते खरं असूनही आता माझा त्यावर विश्वास बसत नाही. कारण नाव आणि नावाडी कदाचित मिळाले असते.

दिवाळीनंतर बाई चंद्रपूरला आली. छापील भाषण दाखव, असं तिनं मला पत्रातून दोनदा लिहिलं होतं आणि मी दोनदा टाळलं होतं. म्हणून ती परस्पर साहेबांकडं गेली. साहेबांना बिचाऱ्यांना काय माहीत! त्यांनी कौतुकानं प्रत दिली. ती संध्याकाळी आमच्या घरी आली, हातपाय धुतले, माझ्या बायकोनं वाढलं ते जेवली. मग ताटावरून न उठता म्हणाली, "तुया साहेबाचं भाषण वाचलं. चांगलं हाय."

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला.

"वसंता, तू मले खोटं काऊन बोल्ला? नाई म्हटलं असतं तं आमी पायी गेलो असतो."

एवढंच. आवाज चढला नाही. मी काहीतरी पुटपुटलो... वेळ कमी होता, घंटी वाजली. तिनं ऐकून घेतलं, ताट उचललं, मोरीत नेऊन घासलं. गावात तू काय सांगणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या रात्रीही नाही आणि पुढच्या पाच वर्षांत कधीही नाही. ती येत राहिली. माझ्या मुलीला गोवर झाला तेव्हा आठ दिवस उशाशी बसली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, म्हणून मी समजून चाललो की तिनं तो गिळला. मला ते सोयीचं होतं.

पुढच्या वर्षी मी तिचं पान भाषणात सर्वांत वर घातलं. त्या दिवशी भलत्याच प्रकरणावरून गोंधळ झाला, कामकाज तहकूब झालं आणि वेळ संपल्यामुळं आरोग्य खात्याच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. मी तिला लिहिलं : बाई, नाही झालं. तिचं कार्ड आलं : "असं सांगत जाय." त्याच उन्हाळ्यात इरुकटोला पायी गडचिरोलीला गेला, बाई रजा टाकून सोबत. नऊ दिवस बसले. नाव मिळाली. रपट्याचं काम मागच्या वर्षी सुरू झालंय, अजून अर्धवट आहे.

बाईच्या मागं टोल्यातल्या लोकांनी मोहाच्या झाडाखाली शोकसभा ठेवली. मला बोलावलं, भाऊ म्हणून. मी ठरवून गेलो होतो. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, पान कापल्याचं, फोनवरचं. हिंदी, मराठी, जे तोंडात येईल त्यात. मग बिरजू उठला. केस पांढरे व्हायला लागले आहेत त्याचे.

"नाव घेतलं नव्हतं ते आमाले माईत होतं, भाऊ," तो म्हणाला. "बाईनं तवाच सांगतलं. मैनी गेली त्या सालीच. म्हणे, फोनात खरखर होती, वसंता नाई म्हणत होता, मलेच घेतलं असं आयकू आलं. माया कानाची चूक झाली म्हणे. मी दोन साल बाईसंगं बोल्लो नाई. तिच्या हातचं पानी पेलो नाई."

मी खाली बसलो. पाच वर्षं तिनं माझं खोटं आपल्या कानावर घेतलं होतं, आणि ज्याची बायको गेली त्याच्या दारावरून रोज गोळ्यांची पिशवी घेऊन जात होती.

परतीची बस नाल्याअलीकडच्या, सडकेवरच्या गावातून होती. तिथं बाईनं एक खोली घेऊन ठेवली होती, एवढं मला ठाऊक होतं. कशासाठी, ते कधी विचारलं नव्हतं. कुलूप असेल, बाहेरून बघावं, म्हणून गेलो. दार उघडं होतं. आत दोन खाटा, चूल, आणि दोन गरोदर बाया, एक तांदूळ निवडत बसलेली. पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या बायांना नाला भरायच्या आधीच अलीकडं आणून इथं ठेवायचं, हे बाईनं मैनी गेली त्याच्या पुढच्या वर्षापासून चालवलं होतं.

"तुमाले कोनी आनलं?" मी विचारलं.

"कोनी नाई. आमीच आलो. आता पानी येईन नं नाल्याले."

"बाई नाई आता," मी म्हणालो.

"माईत हाय," ती तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली. "पन खोली हाय नं."

तिनं खाटेवरची गोधडी सरकवून मला जागा केली. बस येऊन हॉर्न देत होती. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभा होतो.