गरम सायलेन्सर

जूचंद्रला एकाची झाडं कापायची जुनी चेनसॉ बघायला गेलो होतो. दोरी ओढायच्या आधीच सायलेन्सरला हात लावला, तर तो गरम! जळक्या ऑइलचा वास नाकात गेला आणि गिरीजची आमची वाडी डोळ्यांपुढे आली.

वादळात वाडीतले माड आडवे झाले होते. मामा स्वतःची जुनी चेनसॉ आम्हाला विकायला घेऊन आला. वाडीतला पंप आईच चालवायची, त्यामुळे तिला इंजिनं कळायची. मशीन बाजूला सरकवताना तिने हात चटकन मागे घेतला.

"ही गरम कशी? वाटेत चालवून आणलीस ना? थंड असली की सुरूच होत नसणार." मग तिने खाली वाकून चेन हलवून पाहिली. "आणि ही चेन, ज्या पट्टीवर फिरते त्या पट्टीची नाहीच. खोबणीत सैल बसलीय. सुटली तर ह्यांच्या अंगावर येईल."

मामा नुसता हसला. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, तुझाच भाऊ आहे," आणि मशीन घेतली.

दुसऱ्याच माडाला चेन सुटली. बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. मामा हॉस्पिटलात शहाळी घेऊन आला, तेव्हा बाबा आईला म्हणाले, "त्याला एक शब्द बोलायचा नाही."

तेव्हा मला बाबा केवढे मोठ्या मनाचे वाटले होते! आज आठवलं की डोकं फिरतं. माफ करून ते मोकळे झाले, आणि त्यांच्या शर्टाची बटणं जन्मभर आईने लावली.