विझवलेली चूल

आईचा सारा जन्म मुरुडच्या किनाऱ्यावर मासळी सुकवण्यात गेला. काशीदच्या बाजूचं रान तिने लांबूनच पाहिलेलं. संस्थान होतं तोवर ते शिकारीसाठी राखलेलं, आमच्यासारख्यांना आत मज्जाव. संस्थान गेलं, मी शाळामास्तर झालो, तेव्हा एकदा ती म्हणाली, "एक रात ऱ्हाऊन बगू या रं, आत हाय तरी काय."

पौषात आम्ही दोघं गेलो. रानाच्या राखणदाराने आत सोडलं, पण बजावलं, "पाणवठ्यावर बसू नका, जनावरं येतात. आणि विस्तव सांभाळा, पाचोळा वाळलाय." मी ते मनावर घेतलं. पाण्यापासून दूर जागा पाहिली, पाला झाडून काढला, तीन दगडांची चूल मांडली. भात झाला, जवळ्याचं कालवण झालं. आई खुशीत होती. एक शेकरू घरट्यात शिरताना दिसलं, तेव्हा पोरीसारखी हसली.

अंधार पडला आणि वारा सुटला. एक ठिणगी उडून पाचोळ्यात पडली. मी ती पायाने चिरडली आणि कळशीतलं पाणी चुलीवर ओतलं.

"जरा ऱ्हाऊ दे रं, हात शेकते," आई म्हणाली.

"न्हाय आये. रान पेटंल."

"व्हय, ते बी खरं." तिने हात पदरात गुंडाळले.

मी घोंगडी ओढून झोपलो. आईने नुसतं जुनं लुगडं पांघरलं होतं, हे मला सकाळी दिसलं. गुडघे पोटाशी घेऊन ती बसलेली, लुगडं दवाने ओलं.

"आये, मला उठवलं का न्हाय?"

"दमला व्हतास."

घरी येताच तिला ताप भरला. खोकला छातीत बसला, तो होळीपर्यंत. शेजारणी पाहायला आल्या की ती सांगायची, "माझ्या लेकानं इस्तव इझवला म्हून रान वाचलं." मी आतून ऐकत असे. चूल विझवली ते बरोबरच होतं, आजही मी तेच करीन. पण घोंगडी एकच आहे हे मला ठाऊक होतं, सामान मीच बांधलं होतं. तरी मला गाढ झोप लागली.

पुढच्या हिवाळ्यात तिने पुन्हा रानाचं नाव काढलं. मी शाळेची सबब सांगितली. त्याच्या पुढल्या वर्षीही सांगितली. खरं तर तिच्याशेजारी तिथे पुन्हा निजायचं मला धैर्य नव्हतं. मग तिचे गुडघे धरले, आणि तिने विचारायचं सोडून दिलं.