तिसऱ्या दिवशीची सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही. सांगायला बसलो की आधी संतापच येतो. त्या फॉर्मचा, डॉक्टरांचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

मी परभणीतल्या एका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. आयसीयूत भारी अँटिबायोटिक सुरू झालं, की तिसऱ्या दिवशी मी वर जाऊन रिपोर्ट बघायचे, डोस कमी करायचा की औषध बंद करायचं ते डॉक्टरांना सांगायचं, मग फॉर्मवर सही करायची. ऐकायला किती सोपं! डॉक्टर म्हणणार, तुम्ही तुमचं दुकान सांभाळा. नातेवाईक म्हणणार, भारीतलंच द्या. रोज कोण डोकेफोड करणार? — मग मी शहाणपणा केला. दर सोमवारी आठवड्याभराच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या ठोकून गठ्ठाच वर पाठवू लागलो. कुणी हूं की चूं केलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात — इथं मात्र भोगलं दुसऱ्यानंच.

बोरीच्या एक काकू. रक्तात जंतुसंसर्ग, अमिकासिन या भारी अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू. तिसऱ्या दिवशी त्यांच्या किडनीचा रिपोर्ट बिघडला. किडनी थकली की हे औषध अंगात साचतं आणि कान निकामी करतं — हे मला कॉलेजपासून पाठ आहे हो! पण वर जायचं कशाला? सही तर आधीच झाली होती. औषध आणखी सहा दिवस चाललं.

काकू वाचल्या, किडनीही सावरली. घरी जायच्या दिवशी लेक त्यांच्या कानाशी ओरडत होती आणि त्या नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. फाइल मागवली, रिपोर्ट पाहिला. तेवढ्यात लेक माझ्या औषधांच्या खिडकीशी आली.

"सर, आईला कायच ऐकू येईना. तापानं कान गेले का वो?"

खरं सांगायला तेव्हा काय धाड भरली होती मला? म्हणालो, "हो, तापानं होतं असं कधी कधी."

"जीव वाचला, लय झालं बघा." तिनं हात जोडले. मला!

आता मी कोऱ्या फॉर्मवर सही करत नाही, वर जाऊन भांडतो. त्याचा काकूंना काय उपयोग? त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे. मी गेलो नाही.

आणि तापाचं म्हणाल, तर त्याच फाइलीत नर्सनं लिहून ठेवलं होतं — ताप तिसऱ्या दिवशी सकाळीच उतरला होता. लेकीशी बोललो, तेव्हा मी ते वाचलेलं होतं.