अकराव्या खिळ्यावरचा पेन ड्राइव्ह

घाटकोपर पूर्वेला, महामार्गाच्या अलीकडे, एका बुद्धविहाराच्या पहिल्या मजल्यावर अभ्यासिका आहे. लांब टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीला लागून चार संगणक. एका कार्यालयाने नवे संगणक घेतले तेव्हा हे जुने विहाराला दिले. दाराशेजारी लाकडी फळी आहे आणि तिच्यावर चोवीस खिळे. प्रत्येक खिळ्याखाली ऑइल पेंटने आकडा काढला आहे. खिळ्यांवर पेन ड्राइव्ह लटकतात, दोऱ्यात ओवलेले, घराच्या किल्ल्यांसारखे.

फळीची कल्पना अभ्यासिकेच्या चिटणिसांची. ते वीज कंपनीत लाइनमन होते, आता निवृत्त आहेत. सुरुवातीला मुलं संगणकांवर काहीबाही उतरवून ठेवायची. आधी गेम, मग सिनेमे, मग व्हायरस. चिटणिसांनी एका ओळखीच्या माणसाकडून बंदोबस्त करून घेतला. संगणक बंद केला की दिवसभरात त्यात जे आलं असेल ते पुसलं जातं आणि दुसऱ्या सकाळी तो कोरा उघडतो. ज्याला काही जपायचं असेल त्याने ते पेन ड्राइव्हवर जपावं आणि जाताना ड्राइव्ह खिळ्याला लावावा. इतक्या वर्षांत एकही ड्राइव्ह हरवलेला नाही.

मी रविवारी अकरा वाजता तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांना सारांशलेखन शिकवतो. वृत्तपत्राच्या डेस्कवर पंचवीस वर्षं इतरांचा मजकूर कापण्यात गेली. तेवढंच शिकवता येतं. संगणकाशी माझा संबंध टाइप करण्यापुरता.

अकरा नंबरचा खिळा ताईंचा होता. अभ्यासिकेत सगळे त्यांना ताईच म्हणत. वय अडतीसच्या आसपास. चेंबूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं त्या रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट टाइप करत होत्या. लॅबमध्ये नवी यंत्रं येणार होती आणि रिपोर्ट त्यांतून थेट छापून निघणार होते. टाइप करणारीची गरज दोन महिन्यांत संपेल, असं मालकाने सांगून टाकलं होतं. हे होणार याचा अंदाज ताईंना आधीच आला होता. आठ महिने त्या रोज सकाळी सहाला अभ्यासिकेत येत, तीन नंबरच्या संगणकावर दोन तास बसत आणि मग कामावर जात. मोबाइलवरून एक ऑनलाइन कोर्स करत होत्या: माहितीच्या मोठ्या फायली तपासून, चुका काढून त्या वापरण्याजोग्या करायच्या.

मुलुंडच्या एका कंपनीत रुग्णालयांच्या नोंदी नीट करण्याचं काम होतं. तिथल्या पहिल्या दोन चाळण्यांतून ताई पार पडल्या. राहिली होती प्रात्यक्षिक परीक्षा. नोकरी करणाऱ्यांची सोय म्हणून ती रविवारी ठेवली होती. दहा वाजता मेलवर फाइल येणार आणि दुरुस्त केलेली फाइल एकपर्यंत परत पाठवायची. पुन्हा संधी मिळणार नाही, हे मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं.

त्या रविवारी मी अकराला दहा कमी असताना वर गेलो. ताई चार नंबरवर बसल्या होत्या. समोर काळी खिडकी उघडी होती आणि तिच्यात एकच इंग्रजी ओळ सात-आठ वेळा उमटलेली होती.

"सर, हे जरा वाचता का? हे म्हणतंय की पायथन नाहीये. अहो, काल सकाळीच चालवलंय मी."

पायथन हा त्यांचा प्रोग्राम. फायली दुरुस्त करण्याचं सगळं काम त्यातून व्हायचं. काळ्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. तिच्यात प्रोग्रामचं नाव टाइप करून एंटर दाबलं की तो सुरू होतो. इथे तो सुरू होत नव्हता.

मी ओळ वाचली. लिहिलेला शब्द आज्ञा किंवा प्रोग्राम म्हणून ओळखता आला नाही, असा तिचा अर्थ होता.

"प्रोग्राम नाही, असं यात म्हटलेलं नाही," मी म्हणालो. "ओळखता आला नाही, एवढंच आहे."

"म्हणजे आहे, पण ओळख देत नाही," मागून चिटणीस म्हणाले. "आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखं."

ताई हसल्या नाहीत. परीक्षेचा पाऊण तास गेला होता.

मी वर्गातल्या मुलांना एक उतारा दिला, एक तृतीयांश करा म्हणून सांगितलं आणि खुर्ची ओढून चार नंबरजवळ बसलो. ताईंनी मांडणी समजावून सांगितली. संगणक रोज कोरा होत असल्याने प्रोग्राम त्यांच्या पेन ड्राइव्हवरच होता. तो कुठे आहे हे संगणकाला रोज नव्याने सांगावं लागायचं. त्यासाठी कोर्सच्या शिक्षिकेने त्यांना एक छोटी फाइल करून दिली होती. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की प्रोग्रामचा पत्ता संगणकाच्या यादीत लिहिला जाई. मग टर्मिनल उघडायचं आणि नाव टाइप करायचं. आठ महिने हे बिनचूक चाललं होतं.

"आज वेगळं काय केलं?"

"काहीच नाही. फक्त तीन नंबर नाहीये. खाली नेलाय."

खाली सभागृहात धम्मवर्गाच्या मुलांना चित्रफीत दाखवत होते. त्यासाठी चिटणिसांनी सकाळीच तीन नंबर उचलून नेला होता. ताईंची परीक्षा आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण चारही संगणक सारखेच, असा त्यांचा समज होता. ताईंचाही तोच होता.

"आणू का वर?" चिटणिसांनी विचारलं. आवाज पडला होता.

"नको, काका. पन्नास मुलं बसलीत खाली. आणि परत सगळ्या वायरी लावण्यात अर्धा तास जाईल तुमचा."

मग मला जे येतं ते मी केलं. डेस्कवर निविदेचा किंवा निकालाचा मजकूर असला की दोघं समोरासमोर बसत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून जुळवायचं. स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. ताईंच्या वहीत त्या छोट्या फाइलचा सगळा मजकूर हाताने उतरवलेला होता. त्या वाचत गेल्या, मी पडद्यावर पाहत गेलो. ई, विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं, उलटी तिरकी रेघ, फोल्डरचं नाव, आकडा. मग अदलाबदल केली. मी वाचलं, त्यांनी पाहिलं. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

"पेपरवाले सर," चिटणीस म्हणाले, "तुमच्या पेपरात रोज सकाळी आम्हाला चुका सापडतात. इथे तुम्हाला एक सापडत नाही होय?"

"काका, जरा गप्प बसा ना."

घड्याळात साडेअकरा वाजले होते. पंचवीस मिनिटं आम्ही बरोबर असलेला मजकूर बरोबर आहे हे सिद्ध करण्यात घालवली होती, आणि ती कल्पना माझी होती.

ताईंनी प्रोग्राम नव्याने उतरवून घ्यायचा विचार केला. विहाराचं नेट पाहता त्याला तासभर लागला असता. त्यांनी मोबाइलवर शिक्षिकेला फोन लावला. उचलला गेला नाही. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

मला डेस्कवरची एक बातमी आठवली. एका इमारतीचा पत्ता तिघांनी तपासला होता, कागदाशी कागद लावून. पत्ता अक्षरशः बरोबर होता. पण तिथे कोणी गेलं नव्हतं. इमारत पाडून वर्ष उलटलं होतं. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला.

"ताई, हा जो ई आहे, तिथे जाऊन बघता येतं का?"

"जाऊन म्हणजे?"

"उघडून. आत काय आहे ते."

संगणक जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हला एक इंग्रजी अक्षर देतो. ताईंनी ई उघडायचा प्रयत्न केला. पडद्यावर सूचना आली, डिस्क घाला. ई रिकामा होता. त्यांनी सगळ्या ड्राइव्हची यादी उघडली. त्यांचा पेन ड्राइव्ह एफ या अक्षरापुढे दिसत होता.

ताई वाकून संगणकाच्या डब्याकडे बघायला लागल्या. चार नंबरच्या पुढच्या बाजूला कॅमेऱ्याचं कार्ड घालायची एक खाच होती. तीन नंबरला ती नव्हती. खाचेत वर्षानुवर्षं कोणी काही घातलं नसेल, पण ई हे अक्षर तिने अडवून ठेवलं होतं. पेन ड्राइव्हला पुढचं मिळालं. शिक्षिकेची फाइल मात्र संगणकाला ईकडेच पाठवत होती. तिथे कोणी नव्हतं.

"आमची चाळ पाडली आणि आम्ही ट्रान्झिट कॅम्पात राहायला गेलो तेव्हा असंच झालेलं," ताई म्हणाल्या. त्यांचे हात तोवर फाइल उघडत होते. "पालिकेच्या हॉस्पिटलचं कॉल लेटर जुन्या पत्त्यावर गेलं. पोस्टमन परत घेऊन गेला. मला कळलं तेव्हा इंटरव्ह्यू होऊन गेलेला."

"मग?"

"मग काय. लॅबमध्ये लागले."

त्यांनी ईच्या जागी एफ केलं, फाइल जतन केली, तिच्यावर दोनदा क्लिक केलं आणि काळ्या खिडकीत पुन्हा नाव टाइप केलं.

तीच ओळ उमटली. ओळखता आला नाही.

ताईंचे हात कळफलकावरून खाली मांडीवर आले. वर्गातला एक जण उतारा तपासायला घेऊन आला. मी त्याला हातानेच थांबवलं.

"ती खिडकी बंद कर आणि नवी उघड," चिटणीस म्हणाले. "खिडकीच फक्त. मशीनला हात लावू नको, नाहीतर सगळं पुसलं जाईल."

"त्याने काय होणार?"

"मी खांबावर नवी जोडणी द्यायचो, तरी घरातला पंखा फिरायचा नाही. बटण बंद करून परत लावलं की फिरायचा. कर तर."

"काका, काहीही हं तुमचं," ताई म्हणाल्या, पण खिडकी त्यांनी बंद केली.

नव्या खिडकीत नाव टाइप केल्यावर क्षणभर काही झालं नाही. मग प्रोग्रामची आवृत्ती सांगणारी ओळ आली आणि तिच्याखाली एकापुढे एक तीन बाण. ताईंनी डोळे मिटले आणि उघडले. बारा वाजायला अठरा मिनिटं होती.

चिटणिसांचं कारण चुकीचं होतं, उपाय बरोबर होता. टर्मिनल उघडतं तेव्हा पत्त्यांची यादी एकदाच वाचतं. त्यानंतर यादी बदलली तरी जुन्या खिडकीला ते कळत नाही. ही माहिती ताईंनी नंतर शोधून काढली आणि काकांना सांगितली. पंख्याचं आणि याचं एकच, असं चिटणिसांचं आजही म्हणणं आहे.

पुढचा तासभर कोणी ताईंशी बोललं नाही. मी मुलांचे सारांश तपासले. चिटणीस दाराशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चपला हळू काढायला सांगत होते. एकदाच ताईंनी मान वर केली.

"सर, यात एका बाईंचं हिमोग्लोबिन एकशे पस्तीस लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे टाइप करणारीने पॉइंट खाल्लाय. साडेतेरा असणार. अशा नऊ ओळी आहेत."

प्रश्नपत्रिकेत याबद्दल काही विचारलेलं नव्हतं. दुबार नोंदी काढा, रिकाम्या जागा दाखवा, तारखा एकसारख्या करा, एवढंच होतं. ताईंनी आकडे परस्पर बदलले नाहीत. बारा वर्षांत रिपोर्टमधला आकडा त्यांनी कधी मनाने बदलला नव्हता. त्या नऊ ओळींपुढे खूण केली आणि खाली दोन वाक्यांची टीप लिहिली: या आकड्यांत दशांशचिन्ह राहिलं असावं, मूळ रिपोर्टशी पडताळून पाहावेत. टीप इंग्रजीत होती. ती बघून द्याल का म्हणून त्यांनी मला विचारलं. मी एक शब्द कमी केला.

एक वाजायला आठ मिनिटं असताना फाइल गेली. खाली चित्रफीत संपून मुलं जिन्यात आली होती आणि खाऊसाठी रांग लागली होती. ताईंनी पेन ड्राइव्ह काढला, पण खिळ्याला लावला नाही. ओढणीच्या टोकात बांधला आणि खाली गेल्या.

गुरुवारी दुपारी चिटणिसांचा मला फोन आला. ताईंना मुलुंडहून बोलावणं आलं होतं. मुलाखतीत त्यांना पहिला प्रश्न त्या नऊ ओळींबद्दल विचारला गेला. लॅबमधली खुर्ची जाण्याच्या तीन आठवडे आधी त्या नव्या कामावर रुजू झाल्या.

आता त्यांच्याकडे कंपनीचा लॅपटॉप आहे. अकराव्या खिळ्यावर दुसऱ्या कोणाचा तरी पेन ड्राइव्ह लटकतो, हिरव्या दोऱ्यात. रविवारी ताई कधीकधी दहाच्या सुमाराला येतात आणि दोन-तीन जणींना शिकवतात. फळीशेजारी त्यांच्या हस्ताक्षरातला एक कागद चिकटवला आहे. त्यावर चार संगणकांचे नंबर आहेत आणि प्रत्येकापुढे तिथे पेन ड्राइव्हला मिळणारं अक्षर. चार नंबरपुढचा एफ लाल शाईत आहे. खाली लिहिलं आहे: "फाइल चालवण्याआधी आपला ड्राइव्ह कुठे लागला आहे ते स्वतः उघडून बघा. मग नवी खिडकी उघडा."

चिटणिसांनी त्याखाली पेनाने भर घातली आहे: "मशीन बंद करू नये."

सवयीने मी तो कागद कापण्याच्या नजरेने वाचला. काढण्यासारखं त्यात काही नाही.