लोकलमधला जानोसा

माझ्या लग्नात वऱ्हाड रेल्वेच्या डब्यात उतरलं होतं. गाडी चालू नव्हती. आमच्या लहान स्टेशनच्या बाजूच्या रुळावर ती आणून ठेवून दिली होती, आणि तिच्या दोन डब्यांत आमच्या घरच्यांनी नवरदेवाकडच्या मंडळींना जानोसा दिला, म्हणजे उतरायची जागा दिली. लोकांना हे ऐकून फार मजा वाटते. सासरी पाहुणे आले की कोणीतरी हा किस्सा काढतंच, आणि चहा देता देता मलाही त्यात भर घालावी लागते. मी घालते. मी रोज कामाला जायची ती हीच गाडी, हे मात्र त्या किश्श्यात नसतं.

मी नागपुरात चष्म्याच्या एका दुकानात काचा बसवत होते. गिऱ्हाइकाने फ्रेम पसंत केली की तिच्या मापाने काच घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवायची. हात बसला होता माझा. मालक म्हणायचे, तुझ्या हातची काच परत येत नाही. दुसऱ्या कुठल्या बाबतीत मला कोणी असं म्हटल्याचं आठवत नाही. घरी माझा भात एक तर चिकट व्हायचा, नाही तर कच्चा राहायचा, आणि माय त्याला रोज नवं नाव ठेवायची.

सकाळी गोंदियाकडून लोकल यायची, आमच्याकडे थांबायची आणि नागपुरात इतवारी स्टेशनला सोडायची. गाडी जुनाट होती. खिडकीचं शटर अर्ध्यावर अडकायचं. पंखा बटण दाबून फिरत नसे, जाळीतून पेन घालून पातं ढकललं की मग घरघर सुरू व्हायची. बायकांच्या डब्यात हिवाळाभर लाखोरीची पालेभाजी निवडणं चालायचं, काड्या सीटखाली जायच्या. कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या नवऱ्याचं काय, सगळं ऐकत मी दाराजवळच्या खिडकीत बसायची. मला बोलायचा कंटाळा. पण तिथे न बोलणारीलाही कोणी काही म्हणत नसे, आणि ते मला आवडायचं.

मग तिच्या जागी नवी गाडी आली. मोठ्या स्टेशनवर तिला हार घातले, नारळ फोडले, पेपरात फोटो आला. नवी गाडी लवकर वेग घेते, लवकर पोचते, आणि लवकर पोचायचं म्हणून नव्या वेळापत्रकात आमच्या स्टेशनचा थांबा काढला. आम्हाला हे नीट कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी पास घेऊन नेहमीच्या जागी उभी राहिले. गाडी आली, स्वच्छ, चकचकीत, आणि निघून गेली. ओढणी उडाली तेवढीच. आम्ही फलाटावरचे लोक थोडा वेळ तसेच उभे होतो. मग एकेक जण डबा घेऊन घरी परतला. मीही घरी जाऊन डब्यातला भात खाल्ला.

पुढे मी काही दिवस रस्त्याने जाऊन पाहिलं. ऑटोने भंडारा, तिथून एसटी, तिथून पुन्हा ऑटो. सकाळी उशीर व्हायचा आणि परतताना अंधार. बाबा फाट्यावर येऊन उभे राहायचे. एक दिवस बोलले.

"रोज अंधारात येशीन त लोक काय म्हनतीन?"

नागपुरात खोली घेऊन राहते म्हटलं, तर घरात दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. तिकडे मालकांनी दोनदा समजून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाले, जमत नसेल तर सांगून टाक. मी सांगून टाकलं. माझ्या जागी बसवलेल्या मुलाला फोनवरून मशीन समजावून सांगितली, चांगली समजावून सांगितली. फोन ठेवल्यावर मायने विचारलं, "जेवतेस का?" मी जेवले.

थांब्यासाठी गावाने निवेदनं दिली, साहेब लोकांना भेटून झालं, सगळ्यांनी पाहतो म्हटलं. आणि तेवढ्यात एक दिवस इंजिनाने जुनी लोकल ओढत आणली आणि आमच्या स्टेशनच्या बाजूच्या रुळावर सोडली. मोठ्या स्टेशनांवर जागा नव्हती म्हणे. माणसं आली, चाकांखाली लाकडी ठोकळे ठोकले, पंखे आणि दिवे काढून नेले, डब्यांवर खडूने काहीबाही लिहिलं आणि गेली. कधी नेणार विचारलं तर स्टेशनवरचे बाबू म्हणाले, कागद आला की नेतील. कागद काही आला नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशातली गत. आम्ही दोन मिनिटांचा थांबा मागितला होता, देवाने कायमचा दिला.

गावाने तिला आठवडाभरात घरची करून टाकलं. तिच्या सावलीत बकऱ्या बसू लागल्या, पायऱ्यांवर मोहफुलं वाळू लागली, दाराच्या दांड्यांना गोधड्या लटकल्या. शेताकडे जायची वाट तिने अडवली होती. मग लोक एका दाराने चढून दुसऱ्या दाराने उतरू लागले. मी मात्र वळसा घालून फाटकाने जायची. राग होता असं नाही. चढले तर बसावंसं वाटेल आणि बसून करायचं काय, असं काहीतरी असावं.

सिहोऱ्याकडचं स्थळ आलं ते त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी. मुलगा घरची धानाची शेती बघायचा, शांत होता, पोह्यांची बशी स्वतः आत नेऊन ठेवली त्याने. आम्हाला दोघांना बोलायला परसात पाठवलं तेव्हा मी एकच विचारलं, लग्नानंतर मी नोकरी केली तर चालेल का.

"करा ना. माहा काई नकार नाई," तो म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "पन आमच्या गावाहून नागपूरले जासान कशा?"

प्रश्न खरा होता, आणि त्याने तो कुजकेपणाने विचारला नव्हता. मी आत येऊन मायला हो म्हटलं. नोकरी असती तर मी अजून थांबा म्हटलं असतं, दोनदा तसं म्हणून झालंही होतं. आता थांबून कुठे जायचं होतं?

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझ्या लग्नाला एकच आलं, जानोशाचं. शाळेत रंगकाम काढलेलं, समाजमंदिराचं छप्पर उतरवलेलं. बाबा डोक्याला हात लावून बसले. तेव्हा काकाने ही युक्ती काढली.

"एवढी मोठी गाडी रिकामी पडून हाय. सारं वऱ्हाड मावते तिच्यात. पाय पसरून झोपा म्हना!"

स्टेशनवरचे बाबू म्हणाले, "मी काई पायलं नाई, अन् मले काई इचारू नका. फक्त आत चूल पेटवू नका." झालं, परवानगी मिळाली.

डबे झाडायला बायका निघाल्या, पण दोन दारं घट्ट बसली होती. "हिले माहीत असन कसे उघडते ते," काकू म्हणाली, आणि मला पुढे केलं. कडी वर उचलून खांद्याने धक्का द्यायचा, मग उघडतं. उघडलं. नवरीच जानोसा झाडून राहिली म्हणून बायका खूप हसल्या. मी झाडत होते. छतावर पंख्यांच्या जागी गोल डाग उरले होते. सीटखालून लाखोरीच्या काड्या निघाल्या, वाळून कोळ झालेल्या. माझ्या खिडकीजवळ आले तेव्हा मी बसून पाहिलं. बाहेर एक बकरी होती आणि तिच्यामागे स्टेशनचा बोर्ड. काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे, एवढंच वाटलं. मग काकूने फिनेलची बादली आणून ठेवली आणि मी उठले.

वऱ्हाड आदल्या दिवशी दुपारनंतर आलं आणि बेहद्द खूश झालं. सासूबाईंनी ओल्या साड्या वरच्या दांड्यांवर पसरल्या. मामेसासरे खिडकीतून मान काढून "चाय, गरम चाय" ओरडत होते. त्या रुळाला फलाट नव्हता, म्हणून दाराशी बैल सोडलेली बैलगाडी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेव वाजंत्रीच्या गजरात डब्यातून बैलगाडीत आणि बैलगाडीतून जमिनीवर असा उतरला. त्याच वेळी पलीकडून नवी गाडी गेली. डब्यातल्या म्हाताऱ्या बायकांनी तिला हात हलवून टाटा केलं. मी मांडवात बसले होते, तिथे मला हे सगळं कोणीतरी सांगत होतं. मी हसले असेन, फोटोत हसलेली आहे.

दुपारी पाठवणी झाली. माय रडली, काकू रडली, बाबा पाणी प्यायला म्हणून आत गेले ते लवकर बाहेर आले नाहीत. मी कोरडी उभी. काकूने रडता रडता माझ्या दंडाला चिमटा काढला. "रड ना व पोरी, लोक पाहून राहिले." मी प्रयत्न केला. पदर डोळ्यांना लावला, तो कोरडाच निघाला.

आमची जीप निघाली आणि स्टेशनजवळच्या फाटकात अडकली. फाटक बंद होतं. समोर ती जुनी लोकल उभी होती, दोन डब्यांची दारं उघडीच राहिली होती. नवरा माझ्या बाजूला बसला होता. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "तुमी याच गाडीनं रोज जात होत्या म्हने?"

"हो."

"मस्त गाडी हाय. पंखे नाई तरी खिडकीतून हवा येते." मग तो लाजत हसला आणि हळूच म्हणाला, "बंद पडली ते बरंच झालं म्हना. नाई त तुमी कायले हो म्हटलं असतं?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मला खुलवायला म्हणाला तो. मी पण हसायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. मोठ्याने, हुंदके देऊन, थांबवता येईना असं. तो घाबरला. पुढच्या सीटवरच्या सासूबाई मागे वळल्या आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. नवरी रडत नाही याची त्यांनाही काळजी लागली असावी.

"रडून घे माय, रडून घे," त्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या. "माहेर सुटते त असंच होते."

मी मान हलवली. मला माहेर नको होतं. मला फक्त कामाला जायचं होतं.