वाळीत टाकलेली कंपनी

गोमाजीच्या घराण्याकडे एकच मान होता, बोलावणं करण्याचा. वाघजाईच्या सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या दगडी ओट्यावर, गावकी बसली आणि कुणाला जाब विचारायचा ठरलं, की गोमाजी धुतलेली बंडी चढवायचा, पान-सुपारीचा विडा हातात घ्यायचा आणि त्या माणसाच्या दारात जाऊन म्हणायचा, "गावानं बोलावलंय." माणसानं विडा उचलला तर तो सहाणेवर येणार. नाही उचलला, तर गोमाजीनं विडा उंबऱ्यावर ठेवून मागं न बघता चालू पडायचं. त्या क्षणापासून ते घर वाळीत. त्याला कुणी विस्तव देणार नाही, पाणी देणार नाही, की हाक मारणार नाही.

एरवी गावात गोमाजीला फारसं कुणी विचारत नसे. आवाज बारीक, अंगानं काटकुळा, डोंगरउतारावर नाचणीची एक पट्टी. पण विडा हातात असला की पाटीलसुद्धा त्याला वाट द्यायचा. तेवढ्यावर तो खूष होता. आपण आजवर कुणाकुणाच्या दारात गेलो, याचा त्यानं कधी हिशेब मांडला नव्हता.

मग आंबेनळीच्या वळणावर मोटार उलटली.

मोटार महाडच्या कंपनीची. महाडहून पोलादपूर, तिथून घाट चढून महाबळेश्वर, अशी तिची रोजची फेरी. चालवायला गोमाजीचा जावई चांगू. लेक शकू गावातच, वरच्या आळीत दिली होती. चांगूच्या हाताचं हाड मोडलं, बाकीच्यांना खरचटलं. पण तुडील गावची एक म्हातारी जागच्या जागी गेली.

चार-दोन दिवसांनी मुंबईचं वर्तमानपत्र वाडीखालच्या पोलादपुरात आलं. ते यायचं पांडूच्या हाटेलात. पांडू वाडीतलाच, पण त्यानं मुंबईत गिरणीत उमेदीची वर्षं घालवली होती. संपात नोकरी गेली, तेव्हा किटली आणि वाचायची सवय घेऊन तो परत आला होता. बाकावर माणसं जमली की तो चहा गाळता गाळता पेपर वाचायचा आणि मध्ये मध्ये स्वतःचं मत घालायचा.

त्या दिवशी त्यानं मत घातलं नाही. नुसतं वाचलं, "'चालक दारूच्या अमलाखाली होता, असे कंपनीकडून आमच्या बातमीदारास सांगण्यात आले.'"

"साफ खोटं!" बाकावरचा एकजण म्हणाला. "मी होतो ना महाडच्या स्टँडावर. चांगू मॅनेजराला म्हनला, ब्रेक धरत नाय, मोटार आज काढू नका. समद्यांनी ऐकलं."

"ऐकलं रे," दुसरा म्हणाला, "पन छापलंय म्हंजे कायतरी असंल."

छापलेल्या शब्दाची ही गंमत असते. कानांनी ऐकलेलं डोळ्यांपुढच्या शाईत विरघळायला लागतं. आठवड्याभरात, ज्यांनी चांगूला बोलताना ऐकलं होतं, तेच म्हणू लागले की त्याचे डोळे जरा लाल होते खरे. तुडीलहून निरोप आला, आमची बाई तुमच्या दारुड्यानं मारली, तुमचं गाव काय करणार? मालोजी पाटलानं गावकी बोलावली. आणि गोमाजीला सांगितलं, "चांगूला विडा दे. देवीवर हात ठेवून सांगू दे, प्यालेला होता का नव्हता."

स्वतःच्या जावयाच्या दारी विडा घेऊन जायची वेळ त्याच्या बापावर, आज्यावर आली नव्हती. आळी चढताना गोमाजीला धाप लागली. चांगू ओटीवर बसला होता, हात फळ्यांनी बांधलेला. त्यानं काही न विचारता चांगल्या हातानं विडा उचलला. आणि त्याच वेळी गोमाजीनं, त्याला उठवायला वाकल्यासारखं करून, त्याच्या तोंडाशी श्वास आत ओढला.

चांगूनं डोळे मिटून घेतले. दारात उभ्या शकूनं सगळं बघितलं.

"आला का वास, बाबा?"

गोमाजी ओटी उतरला. वास कसलाच नव्हता. कसा असणार? चांगूनं जन्मात कधी थेंब घेतलेला नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण आपण वाकलो. आपल्याला वाकावंसं वाटलं. खाली उतरताना त्याच्या मनात एवढंच घोळत राहिलं की पेपरानं आपलंही नाक विकत घेतलं.

सहाणेवर चांगू उभा राहिला. बायका रिवाजाप्रमाणे देवळाच्या मागच्या अंगाला. पाटील म्हणाला, "ठेव हात देवीवर." आणि मागून शकूचा आवाज आला.

"त्यानं का ठेवायचा? तो तर रोज हितंच हाय, कवाबी विचारा. जो बोलला त्याला बोलवा की."

"कोन बोलला गो?"

"कंपनी."

माणसं हसली. पाटीलही हसला. "कंपनीला विडा द्यायचा? तिला काय तोंड हाय का?"

"पेपरात बोलायला हाय ना तोंड?"

हसणं थांबलं. मग कोपऱ्यातून पांडू म्हणाला, "पोरगी करेक्ट बोलली. गिरणीत बी असंच. मालक कवा दिसायचा नाय, जो दिसायचा तो म्हनायचा मी नोकर. मानूस आपल्यासारखा एकटा असला की त्याला धरता येतं. कंपनी म्हंजे नुसता धूर." कुणी म्हणालं, धुराला विडा कसा देणार? कुणी म्हणालं, देऊन तरी बघू. निम्मी गंमत, निम्मी चीड, असं करत करत गावकीनं ठरवलं. विडा कंपनीला.

दुसऱ्या दिवशी गोमाजी पायी महाडला गेला. बाजारपेठेत कंपनीचं हापीस होतं. बाहेर पाटी, आत भिंतीवर घड्याळ. मॅनेजर गणपुले कोट घालून बसले होते. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. गोमाजीनं विडा पुढं केला.

"मी पान खात नाही," गणपुले म्हणाले.

"तुमाला नाय, सायब. कंपनीला हाय. गावानं बोलावलंय."

कारकून फिसकन हसला. गणपुल्यांनी चष्मा काढून पुसला. "अहो, कंपनी इथं नसते. मी पगारी माणूस. भागीदार आहेत, कुणी मुंबईला, कुणी आणखी कुठं. मीसुद्धा सगळ्यांना पाहिलेलं नाही."

"मंग पेपरात कोन बोललं?"

"ते... कंपनीच्या वतीनं मी सांगितलं."

"मंग विडा बी कंपनीच्या वतीनं घ्या."

गणपुल्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "जा आता. मला कामं आहेत."

गोमाजीनं विडा उंबऱ्यावर ठेवला आणि चालू पडला. पाठीमागं हसण्याचा आवाज आला. मागं बघायचं नाही हा नेम होता म्हणून बरं, नाहीतर त्याचा चेहरा त्यांना दिसला असता. एवढ्या मोठ्या दगडी उंबऱ्यावर ठेवताना तो विडा पक्ष्यानं टाकलेल्या बीइतका दिसला होता.

पण वाडीत कुणी हसलं नाही. विडा ठेवला म्हणजे ठेवला. बाजाराच्या दिवशी मोटार पोलादपूरला उभी राहिली, भोंगा वाजवला, आणि एकही माणूस चढला नाही. माणसं डोक्यावर ओझी घेऊन तिच्या शेजारून चालत गेली, तिच्याकडे न बघता. वाळीतल्या घराकडे जसं बघायचं नसतं तसं. आजूबाजूच्या वाड्यांना कळलं. त्यांनीही विचारलं, आमचं माणूस बसलं तर? उत्तर एकच, मंग तुमीबी तिच्यासंगं वाळीत.

गोमाजीही हिरड्याची पाटी घेऊन चालत होता. मागून बयाबाई आली. विधवा बाई, एकटी राहायची. नवरा गेल्यावर त्याच्या वाट्याची जमीन दिराला सोडेना म्हणून गावानं एकदा तिला वाळीत टाकली होती.

"गोमाजी," ती चालता चालता म्हणाली, "माझ्या दारात विडा ठेवलास, तवा ओढ्याचं गढूळ पानी पिऊन दिवस काढले मी."

"गावानं सांगितलं होतं, बयाबाय."

"आता बी गावानंच सांगितलं. पन आता मी गावात हाय, म्हनून चालतेय. तवा कोन चाललं होतं माझ्यासाठी?"

ती पुढं निघून गेली, त्याच्यापेक्षा जड पाटी घेऊन. पहिल्यांदाच त्यानं मनात सगळी दारं आठवून बघितली. सगळी ठेंगणी होती. आत जायचं तर वाकावं लागेल अशी. ज्याच्याकडे जमीन, माणसं, शब्द होता, त्याच्या दारी तो कधी गेलाच नव्हता. गावानं पाठवलंच नव्हतं. हत्यार तेच, आणि आजवर ते खालीच चालत आलं होतं. आता ते वर चाललंय हे बरं, पण म्हणून मागचं पुसलं जात नाही. बाजारातून परतताना त्यानं बयाबाईला गाठलं आणि तिची रिकामी पाटी आपल्या पाटीत घातली. तिनं घालू दिली.

मग पेपर पुन्हा बोलला. पांडूनं वाचलं, "'पोलादपूर भागात काँग्रेसचा मोटारीवर बहिष्कार. बाहेरच्या चिथावणीखोरांचा हात असल्याचा संशय.'"

"आपन पेपरात आलो!" कुणीतरी ओरडलं.

"आलो खरे," पांडू म्हणाला, "पन आपन नाय ते आलो."

बातमीमागोमाग फौजदार आले. सहाणेसमोर खुर्ची टाकून बसले. "पुढारी कोण?"

"वाघजाई," पाटील म्हणाला.

"कोण बाई ही?"

"लिवा सायब," पांडूनं सांगितलं, "वाघजाई, राहनार डोंगर. खादी घालत नाय."

हशा पिकला. फौजदार शेवटी स्वतःही हसले. पायी चालणं हा गुन्हा कोणत्या कलमाखाली बसवायचा ते त्यांना सुचेना. चहा पिऊन ते उतरले. तेही पायीच, कारण मोटार रिकामी म्हणून त्या दिवशी आलीच नव्हती.

त्या हसण्यानं गावाची भीती गेली. तुडीलहून मेलेल्या म्हातारीचा मुलगा आला. तो त्या मोटारीत आईशेजारीच होता. म्हणाला, "चांगूचं बोलनं मी बी ऐकलं होतं. पेपर वाचला आन माझ्या ऐकन्यावर माझाच इस्वास राहिला नाय. आता तुडीलचंबी कुनी बसनार नाय."

रिकामी मोटार घाट चढून उतरत राहिली, तोपर्यंत मुंबईच्या भागीदारांना कळायचं ते कळलं. एक दिवस गणपुले पायवाट चढत वाडीत आले. कोट हातावर, बुटांना लाल माती. सहाणेवर घोंगडी अंथरली होती.

गोमाजीनं विचारलं, "कोन म्हनून बसताय?"

गणपुल्यांनी बूट काढले. "कंपनी म्हणून," म्हणाले आणि बसले.

त्यांनी आधी पैशाच्या मदतीचं सांगितलं, चांगूला परत घेऊ म्हणाले, नवी मोटार येणार म्हणाले. गाव ऐकत राहिलं. ते संपल्यावर गोमाजी आपल्या बारीक आवाजात म्हणाला, "त्या सकाळी चांगू तुमाला काय बोलला?"

गणपुल्यांनी घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली. "ब्रेक धरत नाही म्हणाला. मी म्हणालो, आजची फेरी कर, उद्या बघू."

"आन दारू?"

"नव्हता प्यायला."

पाटलाला वाटलं झालं. तो कंपनीला वाळीतून परत घ्यायला उठणार, तेवढ्यात मागून शकू म्हणाली, "हितं बोललात. जिथं पयलं बोललात तिथं?"

"पेपर माझ्या हातात नाही, बाई."

"तवा होता ना?"

गणपुले कोट उचलून परत गेले. गाव आणखी काही बाजार पायीच चाललं. आणि एका सकाळी पांडू हाटेल उघडं टाकून धावत वाडीत आला. आतल्या पानावर, औषधांच्या जाहिरातीखाली, अगदी बारीक अक्षरात: आंबेनळी अपघातातील चालक प्यालेला नव्हता, मोटारीतील दोषाची सूचना त्याने आधीच दिली होती, कंपनी दिलगीर आहे.

"एवढंसंच?" पाटील म्हणाला.

"जाहिरातीच्या बुडाला दडवलंय," दुसरा म्हणाला. "कोन वाचनार?"

"आपन वाचलं ना," गोमाजी म्हणाला.

वाळीतून परत घ्यायचं तर त्या माणसाच्या हातचं पाणी गावानं प्यायचं, आणि पहिला घोट बोलावणं करणाऱ्याचा. गणपुले पुन्हा आले. शकूनं कळशी आणून ठेवली. गणपुल्यांनी तांब्या भरला आणि गोमाजीपुढं धरला. गोमाजीनं हात पुढं केले नाहीत.

"मी मागनं," तो म्हणाला. "आदी त्याला."

चांगू खांबाला टेकून उभा होता. हाडं जुळली होती, तरी हात अजून पुरता उघडत नव्हता. त्यानं दोन्ही हातांची जमेल तशी ओंजळ केली. गणपुले वाकले आणि धार धरली. थोडं पाणी बोटांतून निसटलं, बाकी चांगू प्यायला. मग गोमाजी प्यायला, मग पाटील, मग तुडीलचा मुलगा, मग ज्याला जसं वाटेल तसं सगळं गाव, बायकासुद्धा पुढच्या अंगाला येऊन. कुणी त्यांना मागं व्हा म्हणालं नाही.

खाली रस्त्यावर नवी मोटार उभी होती. गणपुले म्हणाले, "मग, कधीपासून येतोस चांगू?"

चांगूनं तोंड पुसलं. कित्येक दिवसांत तो गावापुढं एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता.

"बघू," तो म्हणाला. "चला खाली. आदी ब्रेक दावा."

आणि तो उतरायला लागला. गणपुले त्याच्यामागं, आणि त्यांच्यामागं, ब्रेक म्हणजे नेमकं काय असतं ते एकदा डोळ्यांनी बघायचंच म्हणून, अख्खी वाडी.